माझ्या आयुष्यात चमत्कार नाही, मग साक्ष काय देऊ?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुढच्या महिन्यात मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, तुम्हाला दहा मिनिटं साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या ख्रिस्ती विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, बोलावलं आहे. तुम्ही विश्वासी घरात वाढलात. व्यसन, तुरुंग, मरणाच्या दारातून परत येणं असलं काही तुमच्या वाट्याला आलेलं नाही. मधली काही वर्षं तुमची प्रार्थना पार बंद पडली होती. ती पुन्हा नेमकी कधी सुरू झाली हे सांगता येत नाही. एका रात्री भाचीला झोपवत असताना तिनं तुमचे हात धरून जोडले आणि "आता तू म्हण" म्हणाली, एवढंच आठवतं. धाकट्या भावाच्या दारूचा विषय या सगळ्यात गुंतलेला आहे. समोर मंडळीतल्या माणसांबरोबर विश्वास न ठेवणारे पाहुणेही बसलेले असतील. यात सांगण्यासारखं काही आहे का, आणि असलं तर ते बांधायचं कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

लोकांना साक्ष तयार करायला मदत करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि निम्म्याहून अधिक जण याच प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते तुमची अडचण गोष्ट फिकी असण्याची नाहीच. ऐन प्रसंग तुमच्याकडे आहे. तो तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहूनही टाकलात. झालंय असं की दुसऱ्यांच्या साक्षी ऐकून ऐकून एक साचा तुमच्या डोक्यात बसलाय, आणि त्यात आपलं आयुष्य मावत नाही म्हणून तुम्ही आयुष्यालाच कमी गुण देताय. या साच्याचं दडपण आलं की माणसं एक तर गप्प बसतात, नाही तर फुगवून सांगतात. गप्प बसलेल्याला पुढं कधी तरी बोलता येतं. फुगवून सांगितलेलं मात्र परत घेणं फार जड जातं, कारण पुढच्या वेळी लोक तीच फुगवलेली गोष्ट ऐकायला येतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथं बसून ठरवता येणार नाहीत. बोलावणं कशासाठी आहे? नेहमीच्या उपासनेत, कुणाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, की पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खास सभेत? घरचं कोण समोर असेल? शंका बोलून दाखवायची मोकळीक तुमच्या मंडळीत कितपत आहे? विश्वास उघडपणे सांगितल्यानं कुणाला नात्यात किंवा नोकरीत खरोखर त्रास होणार असेल, तर "आत्ता नको" हेही पूर्ण उत्तर आहे. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशू एका कुष्ठरोग्याला बरं करतो आणि कुणाला सांगू नको अशी सक्त ताकीद देतो. पाचव्या अध्यायात तोच येशू भूतग्रस्त माणसाला बरं केल्यावर घरी जाऊन आपल्या माणसांना सांग म्हणतो. पहिल्यानं ऐकलं नाही, जिकडंतिकडं बोभाटा केला, आणि त्यापायी येशूला उघडपणे गावात जाता येईना. साक्ष देणं हे केव्हाही, कुठंही चांगलंच असं मानणाऱ्यांनी हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचावेत.

ऐकणारे बदलले की गोष्ट किती बदलते हे पाहायचं असेल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूनं गाठलं, ती घटना त्या पुस्तकात तीनदा येते. नवव्या अध्यायात पुस्तकाचा लेखक लूक सांगतो. बाविसाव्यात आणि सव्विसाव्यात पौल स्वतः. बाविसाव्या अध्यायात तो यरुशलेमेत पायऱ्यांवर उभा आहे आणि खाली खवळलेला यहुदी जमाव. तिथं तो त्यांच्या भाषेत बोलतो, आपण तार्साचे, वाढलो मात्र याच शहरात, गमलिएल या नामांकित यहुदी गुरूच्या पायाशी शिकलो, असं आधी सांगतो. दिमिष्कात आपल्याला भेटायला आलेल्या हनन्याची ओळख करून देताना, हा माणूस नियमशास्त्र पाळणारा, सगळ्या यहुद्यांत नावाजलेला होता हे मुद्दाम घालतो. सव्विसाव्या अध्यायात समोर राजा अग्रिप्पा आणि रोमी सुभेदार फेस्त आहेत. तिथं हनन्याचं नावसुद्धा नाही. उलट पराणीवर (बैल हाकायच्या टोकदार काठीवर) लाथ मारणं तुला कठीण, हे येशूचं वाक्य इथं आहे आणि बाविसाव्यात नाही. घटना तीच, खोटं कुठं काही नाही. कोणत्या माणसाला काय ऐकल्यावर गोष्ट कळेल याचा विचार तेवढा वेगळा.

शेवटी काय झालं तेही बघा. पहिल्या वेळी परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहुदी नसलेल्यांचा, उल्लेख येताच जमावानं आरडाओरडा करून त्याला गप्प केलं. दुसऱ्या वेळी फेस्त म्हणाला, जास्त शिकून तुला वेड लागलंय. अग्रिप्पानं बोलणं टोलवून लावलं. या दोन्ही ठिकाणी कुणी विश्वास ठेवल्याची नोंद नाही. सभेनंतर किती जणांचे डोळे पाणावले यावर आपली साक्ष मोजणाऱ्यांना मी हे आवर्जून दाखवतो.

आता तुमच्या "नाट्यमय काहीच नाही" या दुखण्याकडं येऊ. याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात एकाच शहरात, फिलिप्पैत, दोन माणसं विश्वासात येतात. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते: मध्यरात्र, भूकंप, उघडलेली दारं, उपसलेली तलवार. पण त्याच्या आधी लुदिया येते. जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी ही थुवतीराची बाई नदीकाठी बायकांबरोबर बसून पौलाचं बोलणं ऐकत होती, आणि प्रभूनं तिचं मन उघडलं. तिची गोष्ट दोन वचनांत संपते. भूकंप नाही, तलवार नाही. तरी तुरुंगातून सुटल्यावर पौल आणि त्याचा सोबती सीला जातात ते तिच्याच घरी. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तीमथ्याच्या विश्वासाचा माग आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत नेलेला आहे. तुमच्यासारख्या घरात वाढलेल्यांचा पूर्वज तोच. त्याच्या पालटाचा दिवस आणि वार कुठंही दिलेला नाही.

अशा घरातल्या माणसानं "मी विश्वासात कधी आलो" हा प्रश्न स्वतःला विचारूच नये असं माझं मत आहे, कारण त्याचं उत्तर ओढूनताणून द्यावं लागतं. मग सातव्या वर्षी शिबिरात हात वर केला होता, तो क्षण शोधून काढून त्याला नसलेलं वजन दिलं जातं. त्याऐवजी विचारा: आईवडिलांचा विश्वास माझा कधी झाला? तो सोडून देण्याजोगी वेळ कधी आली होती? सोडला का नाही? की सोडला होता, आणि परत कसा आलो? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आलं. इतक्या नावाजलेल्या विदुषीनं, जिच्या धर्मांतराची चर्चा दोन खंडांत झाली होती, हे जाहीरपणे सांगणं सोपं नसणार. त्यांना एकच वळण दाखवून मोकळं होता आलं असतं. त्यांनी दोन्ही ठेवली.

आता प्रत्यक्ष बांधणी. लिहायला बसायच्या आधी मी लोकांना "काय शिकलो" ची यादी करू देत नाही. प्रसंगांची यादी करा म्हणतो: जागा, माणसं, कोण काय बोललं. शिकवण नंतर आपोआप डोकं वर काढते, आणि नाही काढली तरी बिघडत नाही.

एका गृहस्थांनी परवानगी दिली आहे म्हणून त्यांचं उदाहरण देतो. त्यांच्या मसुद्यात एक वाक्य होतं: "वडिलांच्या आजारपणात प्रभूनं मला अद्भुत शांती दिली." वाक्य खरं होतं, पण आजवर ऐकलेल्या शेकडो साक्षींत ते जसंच्या तसं येऊन गेलंय. मी विचारलं, तेव्हा तुम्ही कुठं बसला होतात? ते म्हणाले, हॉस्पिटलच्या जिन्यावर. हातात काय होतं? वडिलांचा चष्मा, आत नेताना काढून यांच्याकडं दिला होता. प्रार्थना केलीत का? सुचेना, म्हणून लहानपणी पाठ केलेलं तेविसावं स्तोत्र म्हणायला लागलो, आणि मध्येच अडलो. पुढची ओळ काही केल्या आठवेना. मग? मग दोन पायऱ्या खाली बसलेल्या एका अनोळखी बाईंनी मागं न वळता ती ओळ म्हटली. दोघांनी मिळून स्तोत्र संपवलं, आणि त्या उठून गेल्या.

हे सगळं त्यांच्याजवळ होतं आणि मसुद्यात यातलं अक्षर नव्हतं. का नव्हतं, तर "ती काय मोठी गोष्ट" असं त्यांना वाटलं. नंतर ते उलट टोकाला गेले: "देवानं त्या क्षणी देवदूत पाठवला" असं वाक्य जोडू का म्हणाले. मी नको म्हटलं. ती बाई देवदूत होती की शेजारच्या खाटेवरल्या पेशंटची बहीण, हे त्यांना ठाऊक नाही. त्या जिन्यावर काय घडलं हे मात्र पक्कं ठाऊक आहे. चष्मा, जिना, अडलेली ओळ एवढं सांगून ते थांबले की ऐकणारा स्वतः पुढं जातो. विश्वासी आपल्या वाटेनं जातो, पाहुणा आपल्या. देवदूत म्हटल्याबरोबर विश्वासी माणूस मान डोलावून ऐकणं सोडतो आणि पाहुणा वाद घालायला लागतो, मनातल्या मनात का होईना.

यावर मला नेहमी विचारलं जातं, मग देवाचं नाव घ्यायचंच नाही का? घ्यायचं तर. साक्ष आहे ती, प्रवासवर्णन नव्हे. फक्त घडलं काय आणि मी त्याचा अर्थ काय लावतो, या दोन गोष्टी वेगळ्या वाक्यांत ठेवायच्या, आणि अर्थाची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यायची. "ती बाई पुढची ओळ म्हणाली" ही घटना. "मी त्या रात्री एकटा नव्हतो, असं मी आजही मानतो" हा अर्थ, आणि तो सांगणाऱ्याचा आहे. अशा वाक्याशी समोरचा भांडू शकत नाही आणि ते त्याच्यावर लादलंही जात नाही.

तुमच्या भाचीचा प्रसंग याच मापानं बघा. "त्या लेकराच्या तोंडून प्रभूनं मला परत बोलावलं" असं लिहायचा मोह तुम्हाला होईल, आणि सभेत त्यावर आमेनही पडेल. तो मोह आवरा. तिनं हात कसे धरले, मनगट की बोटं? तिचं म्हणून झालं होतं का? "आता तू म्हण" म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात? पहिला शब्द सुचला नसेल तर सुचला नाही म्हणा. लहान मुलीला फसवायला नको म्हणून काहीतरी पुटपुटला असाल तर तेही सांगा; त्यात कमीपणा काही नाही आणि खोलीतल्या निम्म्या लोकांनी तेच केलेलं असतं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी लगेच सगळं सुरळीत झालं नसेल तर "त्या दिवसापासून" हे शब्द वापरू नका. साक्षींमधले सगळ्यांत धोक्याचे दोन शब्द हेच.

प्रचलित साचा तुम्हाला माहीत असेलच: आधी मी कसा होतो, प्रभू कसा भेटला, आता कसा आहे. तो पौलाच्या सव्विसाव्या अध्यायातल्या बोलण्यावरच बेतलेला आहे आणि वाईट नाही. घाबरलेल्या माणसाला धरायला दांडी मिळते. पण त्याला एक खोड आहे. मधला भाग उठून दिसावा म्हणून "आधी" काळंकुट्ट होत जातं आणि "आता" पांढरंशुभ्र. दहापैकी सात मिनिटं पापं, दोन मिनिटं प्रभू, एक मिनिट उपदेश, ही वाटणी मी फार पाहिली. काही जणांची पापं तर दरवर्षी वाढत जातात. तुमच्या बाबतीत हा साचा मुळातच बसणार नाही, कारण तुमचं "आधी" प्रार्थनेनं भरलेलं घर आहे आणि कोरडी वर्षं मध्ये आहेत. म्हणून सुरुवात थेट त्या रात्रीपासून करा, "आता तू म्हण" वर थांबा, मग मागं जा: घर कसं होतं, प्रार्थना कशी होती, ती कशी बंद पडली. मग पुन्हा त्या खोलीत या. शेवटी आज कुठं आहात ते दोन-तीन वाक्यांत. निवांत बोललं तर दहा मिनिटांत हजारेक शब्द बसतात. तुम्ही सातशेच तयार करा, कारण उभं राहिल्यावर बोलणं लांबतंच.

प्रार्थना बंद पडलेली वर्षं सांगावीत का, हे तुम्ही जरा चाचरत विचारलं आहे. सांगावीत. ती काढून टाकली तर भाचीच्या प्रसंगाला अर्थच उरत नाही. मंडळीत दर रविवारी येऊन ज्यांची प्रार्थना बंद आहे अशी माणसं असतात, आणि त्यांना ते बोलायला जागा नसते. शास्त्रात तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सबंध हाकाच आहे, आणि ते संपतं अंधारावर. शेवटच्या ओळीत सांत्वन नाही, स्तुतीचं वळणही नाही, तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं. तेव्हा त्या वर्षांना कारण चिकटवू नका. "देव मला त्यातून शिकवत होता" असं तुम्हाला आज मनापासून वाटत असेल तर म्हणा. लोकांना बरं वाटावं म्हणून म्हणू नका.

एक अट मात्र आहे. ज्या गोष्टीबद्दल तुम्ही अजून एकाही माणसाशी नीट बोललेला नाहीत, ती पहिल्यांदा माईकवर बोलू नका. आधी विश्वासातल्या एकाला सांगून बघा. बोलून झाल्यावर त्यानं काय म्हणावं याची तुम्हाला फार गरज वाटली, तर ती गोष्ट अजून सभेसाठी तयार नाही असं समजा. रडू येण्याचं मला काही वाटत नाही. थांबायचं, पाणी प्यायचं, पुढं जायचं. गरज वाटणं वेगळं, कारण सभा ती भागवू शकत नाही. काही गोष्टी तर कधीच न सांगण्याच्या असू शकतात. गणितज्ञ ब्लेझ पास्कालला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास जो अनुभव आला, तो त्यानं कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ साली तो वारला तेव्हा नोकराच्या हाताला तो कागद लागला.

भावाचा विषय यापेक्षा अवघड आहे आणि इथं मी जरा ठाम बोलतो. त्याला विचारल्याशिवाय त्याची दारू तुमच्या साक्षीत येता कामा नये. "नाव नाही घेणार" हा उपाय नाही. तुम्हाला ओळखणाऱ्या सभेत "माझ्या जवळचा एक जण" म्हणजे कोण हे पहिल्या मिनिटात कळतं. त्याला विचाराल तेव्हा "तुझ्याबद्दल थोडं बोलू का" असं मोघम विचारू नका. नेमकी वाक्यं वाचून दाखवा आणि खोडायचा हक्क त्याला द्या. तो नाही म्हणाला तर विषय संपला. तुमच्या बाजूचं तरीही सांगता येतं: घरात काळजीचे दिवस होते, मी एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा मागत होते, काही बदलेना, आणि एक दिवस मागणंच थांबलं. यात तुमचा अनुभव पूर्ण आला आणि भावाची अब्रूही राहिली. तो आज बरा असेल तरी विचारायचंच. दुसऱ्याच्या सुधारण्याची जाहीर गोष्ट झाली की पुढं पाय घसरला तर त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

भाची लहान आहे. तिच्या आईवडिलांना सांगून ठेवा, आणि नाव नकोच.

भाषेचं थोडं. पाहुणे असतील तर आपल्या आतल्या गोटातले शब्द त्यांना कळत नाहीत, आणि खरं तर आपल्यालाही ते इतके गुळगुळीत झालेत की त्यामागचं काही दिसत नाही. तारण, नवा जन्म, अभिषेक, ओझं मिळालं, दार उघडलं. हे शब्द टाळायचेच असं नाही, पण दर वेळी स्वतःला विचारा की प्रत्यक्षात काय झालं होतं. सगळ्यांत जास्त हे लागू पडतं "प्रभू माझ्याशी बोलला" या वाक्याला. कसा बोलला? वाचताना एखादं वचन अडवून गेलं? पाळकांचं एखादं वाक्य लागलं? मनात एक विचार आला आणि तो जाईना? जे झालं ते सांगा. पाहुणा "आवाज आला" असं समजून घाबरतो, आणि मंडळीतली एखादी मुलगी आपल्याला कधी आवाज आला नाही म्हणून स्वतःला खालच्या पायरीवर ठेवते.

तुमच्या गोष्टीत आजारपण नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाच्या असेल म्हणून सांगतो. बरं होण्याची साक्ष देताना घेतलेले उपचार लपवू नका. ऑपरेशन झालं असेल, गोळ्या चालू असतील तर तसं म्हणा. समोर बसलेला एखादा आजारी माणूस तुमचं ऐकून औषध बंद करू शकतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही. उपचारांसाठीही देवाचे आभार मानता येतात.

इतरांच्या श्रद्धेला नावं ठेवणं हा आणखी एक खड्डा. आपल्या वाटेचं मोठेपण दाखवायला दुसऱ्याची वाट खाली दाखवली की पाहुण्यांचे कान तिथंच मिटतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेबद्दल उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलंय, ते कुणी विचारलं तर, आणि सौम्यपणे व आदरानं. त्यातला विचारण्याचा भाग आपण पटकन विसरतो.

तयारी बोलून करा. फोनवर रेकॉर्ड करा, एकदा ऐका, आणि जिथं तुमचा आवाज प्रवचनासारखा चढतो ती वाक्यं काढा. तिथं तुम्ही बहुतेक दुसऱ्या कुणाचं तरी बोलताय. मग एखाद्या विश्वास न ठेवणाऱ्या मैत्रिणीला ऐकवा. तिला "कसं वाटलं?" विचारू नका, ती छान म्हणेल. दुसऱ्या दिवशी विचारा, "तुला काय आठवतंय?" जे आठवतं तिथं तुमची गोष्ट आहे. बाकीचं निम्मं कापता येईल. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं मुद्द्यांवरून बोला. कागद हातात असायला हरकत नाही. "मला काही बोलता येत नाही, सांभाळून घ्या" असं सुरुवातीला म्हणू नका. लोक मग गोष्टीऐवजी तुम्हाला सांभाळत बसतात. आणि शेवटी "म्हणून प्रिय जनहो, तुम्हीही..." असलं काही नको. आवाहन करायचं असेल तर ते पाळक करतील.

सभा झाल्यावर लोक भेटायला येतील. काही जण कौतुक करतील, त्यांना धन्यवाद म्हणायचं. एक-दोन जण बाजूला घेऊन स्वतःची बंद पडलेली वर्षं सांगायला लागतील. त्यांना सल्ला देऊ नका, ऐकून घ्या आणि त्यांचं बोलणं तुमच्यापाशीच ठेवा. एखादा पाहुणा वाकडं विचारेल: एवढं मागून भावाचं काही झालं नाही, मग हा कसला देव? त्यावर तिथल्या तिथं सिद्धांत रचायला जाऊ नका. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या येशूनं दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाला परूशी (कडवे यहुदी धर्मपुढारी) उलटतपासणीला बसवतात, तेव्हा त्याचे आईबाप भिऊन "तो वयात आलाय, त्यालाच विचारा" म्हणून अंग काढून घेतात. तो स्वतः मात्र, येशू पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं एवढं ठाऊक आहे, म्हणतो. तुम्हालाही "मला माहीत नाही, मीही तेच विचारत होते" असं म्हणता येईल.

राहता राहिलं रेकॉर्डिंग. सभेचं चित्रण होऊन यूट्यूबवर जाणार आहे का, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकडे फिरणार आहेत का, हे आयोजकांना आजच विचारा, भावाशी बोलण्याच्या आधी. खोलीतल्या साठ माणसांसमोर बोलायला तो हो म्हणेल, आणि कायम कुठंतरी पडून राहणाऱ्या व्हिडिओला नाही म्हणेल. दोन्ही गोष्टी त्याला वेगवेगळ्या विचारायला हव्यात.